अत्याचारातून सावरणाऱ्या मुलासाठी थेरपी: सरकारी ओपीडी, संस्था की खासगी थेरपिस्ट?

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्यानंतर पोलिसांत जबाब झाला, वैद्यकीय तपासणी झाली, घर थोडं शांत झालं की पालक दबक्या आवाजात विचारतात, ‘आता हिला कुणाला दाखवायचं?’ तोवर नात्यातल्या कुणीतरी सल्ला दिलेला असतो, ‘विषय काढू नका, विसरेल ती.’ कृपा करून हा सल्ला ऐकू नका. विषय बंद झाला तरी झोप उडते, अंथरूण ओलं होऊ लागतं, शाळेत जायच्या वेळी पोट दुखतं. प्रत्येक मुलाला वर्षानुवर्षं थेरपी लागते असंही नाही. पण नीट तपासून घेणं प्रत्येकासाठी गरजेचं आहे.

मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, तर निवडीत वेळ घालवू नका, थेट मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. मुंबईत केईएम किंवा सायन, पुण्यात ससून. मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधं, भरती करण्याची सोय असं सगळं एका छताखाली मिळतं आणि खर्च नाममात्र असतो. अडचण गर्दीची आहे आणि त्याहून मोठी अडचण निवासी डॉक्टरांच्या बदलत्या ड्युटीची. दर खेपेला नवा चेहरा समोर आला की मुलाला पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तिथेच मुलं गप्प होतात. म्हणून पहिल्याच दिवशी विनंती करा की विभागातल्या एकाच मानसशास्त्रज्ञाकडे नियमित बैठका ठरवून द्या. मागितलं तर बरेचदा मिळतं.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या विषयात काम करणाऱ्या संस्था, उदाहरणार्थ मुंबईत अर्पण, पुण्यात मुस्कान, माझ्या मते बहुतेक कुटुंबांसाठी पहिली पसंती असाव्यात. त्यांना पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, ठाऊक असतो आणि आईवडिलांशी काय बोलायचं तेही कळतं. पण अशा संस्था शहरांत आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या कुटुंबाने जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा ‘सखी’ वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त महिला आणि मुलींसाठीचं सरकारी मदत केंद्र) गाठावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. फोनवर थेरपी पूर्ण होत नाही, पण पुढे कुठे जायचं ते कळतं.

खासगी थेरपिस्टकडे माणूस तोच राहतो आणि शाळा सुटल्यानंतरची वेळ मिळते. फी मात्र अनेकांच्या आवाक्याबाहेरची असते. शिवाय ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. लैंगिक अत्याचारातून आलेल्या मुलांसोबत याआधी काम केलं आहे का, हेही सरळ विचारा. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही.

कुठेही गेलात तरी एक गोष्ट सारखीच आहे. पोलिसांत तक्रार झालेली नसेल, तर पोक्सोच्या कलम १९ नुसार ती माहिती पोलिसांना कळवणं थेरपिस्टवर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. हे पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगणारा माणूस प्रामाणिक. ‘हे आपल्यातच राहील’ असं वचन देणाऱ्यापासून लांब राहा.

बाल कल्याण समिती (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) नेमते तो सपोर्ट पर्सन आणि थेरपिस्ट यांत पालकांची गल्लत होते. सपोर्ट पर्सन पोलीस ठाण्यात, रुग्णालयात, कोर्टात सोबत येतो, तारखेची माहिती देतो. तो उपचार करत नाही. आणि थेरपिस्टने साक्षीची तालीम घ्यायची नसते. केस संपेपर्यंत थेरपी थांबवा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पोक्सोचं कलम ३५ म्हणतं की खटला शक्यतो वर्षभरात संपावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि तेवढ्या काळात मूल एक-दोन इयत्ता पुढे गेलेलं असतं.

आता पद्धतीचं. संशोधनाचा सर्वाधिक आधार ट्रॉमा-केंद्रित सीबीटीला आहे, म्हणजे आघातावर काम करणाऱ्या, विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीला. अत्याचारानंतर आघाताची लक्षणं टिकून राहिलेल्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तिचा उल्लेख आहे. ३ ते १८ वयोगटासाठी ती वापरतात, साधारण १२ ते १६ बैठका लागतात, गुंतागुंत असेल तर जास्त. सुरुवातीला घटनेबद्दल विचारतच नाहीत. मूल साबणाचे फुगे फुंकत संथ श्वास शिकतं, भीती अंगात कुठे बसते ते चित्रात रंगवतं. मग दोघं मिळून एक वही करतात. पहिल्या पानावर नाव, आवडता खाऊ, मैत्रीण. घटना कितीतरी पानांनंतर येते. मूल सांगतं, थेरपिस्ट लिहितो, मधेच थांबून विचारतो, ‘भीती दहापैकी किती?’ आकडा खाली येईपर्यंत पुढचं पान उलटत नाही. शेवटी मूल ती वही आईला वाचून दाखवतं. त्याआधी आईच्या वेगळ्या बैठका झालेल्या असतात, त्यामुळे ती ऐकताना कोसळत नाही.

खेळातून थेरपी अगदी लहान किंवा न बोलणाऱ्या मुलांना सोपी जाते, पण तिच्यामागचा अभ्यास तितका भक्कम नाही. ती निवडली तर दोन-तीन महिन्यांनी विचारा, काय साधायचं होतं आणि किती साधलं. औषधं झोप पार उडाली असेल, नैराश्य खोल असेल तर लागतात, तीही मानसोपचारतज्ज्ञाकडूनच. एकट्या गोळ्यांवर मात्र भागवू नका.

तिन्ही ठिकाणी मी एकच कसोटी लावेन: पालकांना वेगळी बैठक मिळते का? मुलाला आत पाठवून आईला बाकड्यावर बसवून ठेवणारी थेरपी अर्धी. अत्याचार करणारा घरातलाच असेल, काका असेल, आतेभाऊ असेल, तर आजी एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, बाबा मधे मूग गिळून, असं चित्र असतं. अशा वेळी ‘सगळ्यांना समोरासमोर बसवून मिटवू’ म्हणणारा थेरपिस्ट त्याच दिवशी बदला. त्या माणसाला मुलासमोर बसवणं हा पुन्हा केलेला आघात आहे.

पैशांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य योजनेचा, म्हणजे अत्याचारग्रस्तांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेचा, अर्ज करा. अंतरिम भरपाईसाठी विशेष न्यायालयातही मागणी करता येते, निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आणि मूल जायला तयारच नसेल, तर ओढत नेऊ नका. पहिल्या दोन-तीन बैठकांना आईने किंवा वडिलांनी एकटंच जावं. रात्री दचकून उठल्यावर काय म्हणायचं, भावंडांना किती सांगायचं, शाळेत कुणाला कळवायचं, हे तिथे शिकता येतं, आणि मुलाच्या घरातल्या दिवसावर त्याचा लगेच परिणाम होतो.