मायक्रोचेस: एका किलोबाइटमधल्या बुद्धिबळासोबत सात महिने

मी अकाउंटंट आहे. दिवसाचे आठ-नऊ तास स्प्रेडशीटसमोर जातात. घरगुती कॉम्प्युटरवरची पहिली स्प्रेडशीट म्हणजे व्हिसिकॅल्क, ती १९७९ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरवर आली, एवढं ठाऊक होतं. ती बाजारात आणणाऱ्या पर्सनल सॉफ्टवेअर या कंपनीकडे पैसा कुठून आला, हे शोधायला बसलो आणि माग काढत काढत एका बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमपाशी पोहोचलो. त्याचं नाव मायक्रोचेस. १९७६ साली टोरांटोत पीटर जेनिंग्ज यांनी तो लिहिला. नुसतं वाचून समाधान होईना, म्हणून त्याच्याशी खेळायचं ठरवलं. त्याला आता सात महिने झाले.

तो ज्या यंत्रासाठी लिहिला ते यंत्र आधी समजून घ्यायला हवं. मॉस टेक्नॉलॉजीचा किम-१ म्हणजे एक उघडा सर्किट बोर्ड, तेव्हाची किंमत २४५ डॉलर. त्यावर ६५०२ प्रोसेसर, १ मेगाहर्ट्झचा वेग, सोळा आकड्या-अक्षरांचा आणि काही कामाच्या बटणांचा छोटा कीपॅड आणि सहा लाल आकडे दाखवणारा डिस्प्ले. वापरायला मिळणारी मेमरी जेमतेम १ किलोबाइट, शिवाय दोन चिप्समध्ये ६४-६४ बाइट. बस्स. मूळ यंत्र मला परवडण्यातलं नव्हतं. खरा ६५०२ बसवलेली एक प्रतिकृती सुट्या भागांत मिळाली, ती दोन रविवारांत सोल्डर करून उभी केली.

मायक्रोचेस १० डॉलरला विकला जायचा तेव्हा ग्राहकाच्या हाती एक पुस्तिका पडायची आणि तिच्यात हेक्स आकड्यांची, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत लिहिलेल्या आकड्यांची यादी. प्रोग्रॅम मशिनमध्ये घालायचं काम ग्राहकाचं! मीही तसंच करायचं ठरवलं. एडी हे पत्त्याचं बटण दाबून मेमरीतला पत्ता ०००० दिला, डीए हे आकडे भरायचं बटण दाबलं आणि सुरुवात केली: डी८, अधिक, ए२, अधिक, एफएफ, अधिक. असे नऊशेच्या वर बाइट. माझ्यासारख्या दिवसभर आकडे भरणाऱ्या माणसालाही पहिल्या रात्री अडीच तास लागले, आणि शेवटच्या पानावर असताना लाईट गेली. किमच्या रॅमला बॅटरी नाही. डोळ्यांदेखत सगळं पुसलं गेलं. त्या रात्री खूप वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी आधी छोटा यूपीएस आणला आणि मगच पुन्हा बसलो.

दुसऱ्या खेपेला सगळं भरून झालं, गो दाबलं, डिस्प्ले गोठला. चूक शोधायला तीन संध्याकाळी गेल्या. सात पट्ट्यांच्या त्या डिस्प्लेवर ६ आणि बी यांच्यात फरक फक्त वरच्या आडव्या पट्टीचा असतो. एका जागी मी बीऐवजी ६ दाबला होता, आणि तपासताना डोळ्यांना तो दर वेळी बीच दिसत होता. शेवटी बायकोला यादी मोठ्याने वाचायला लावली आणि मी डिस्प्लेवर टिकमार्क करत गेलो. ऑफिसात व्हाउचर टॅली करतो अगदी तसं. चूक तिसऱ्या पानावर सापडली. ज्यांना हे करून बघायचंय त्यांना माझा एकच सल्ला: एकट्याने तपासू नका.

आता खेळाविषयी. सी दाबलं की पट मांडला जातो आणि डिस्प्लेवर सीसी सीसी सीसी येतं. पीसी दाबलं की तो खेळतो. पांढरं त्याच्याकडे असेल तर पहिली खेळी दिसते ०एफ १३ ३३. म्हणजे कॉम्प्युटरचं एफ क्रमांकाचं प्यादं, राजापुढचं, १३ वरून ३३ वर. आपण उत्तर म्हणून ६३ ४३ टाकायचं, डिस्प्लेवर १एफ ६३ ४३ आलं की एफ दाबून खेळी पक्की करायची. घरांचे क्रमांक त्याच्या बाजूने मोजलेले असतात, त्यामुळे आपली मागची ओळ नेहमी सातची. पहिला महिनाभर माझा गोंधळ व्हायचा. शेवटी लाकडी पटाच्या कडेला कागदी चिकटपट्ट्यांवर ० ते ७ लिहून लावले. पट समोर मांडल्याशिवाय हा खेळ शक्यच नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला सहा आकड्यांपलीकडे काही नाही.

या क्रमांकांतच मला सगळ्यात आवडलेली करामत आहे. घरं ०० ते ७७, पण हेक्समध्ये. मोहरा पटाबाहेर गेला की घराच्या क्रमांकातला एखादा ठरावीक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढंच धरणारा छोटा कप्पा, १ होतो. त्यामुळे ८८ या संख्येशी एकच तुलना केली की घर पटावर आहे की बाहेर हे कळतं. ओळ संपली का, स्तंभ संपला का, असं वेगवेगळं विचारावंच लागत नाही. जिथे प्रत्येक बाइट मोजूनमापून खर्चायचा होता तिथे ही युक्ती म्हणजे केवढी बचत! जेनिंग्ज यांनी हातात पेन्सिल घेऊन केलेली काटकसर मला रोज नव्याने दिसते.

तो विचार करत असताना डिस्प्ले अंधारतो आणि मधूनमधून लुकलुकतो, कारण ते सहा आकडे पेटते ठेवण्याचं कामही त्याच प्रोसेसरचं. ताकदीच्या तीन पातळ्या आहेत आणि त्या बदलायला बटण नाही. पत्ता ०२एफ२ आणि ०१८बी इथले दोन बाइट बदलायचे. ०० एफएफ दिलं तर खेळीला सुमारे ३ सेकंद, ०० एफबी दिलं तर १०, आणि ०८ एफबी दिलं तर १००. मी आता नेहमी १०० सेकंदांवरच खेळतो. सुरुवातीच्या चालींचा साठाही एका वेळी एकाच ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या एकाच ठरलेल्या सुरुवातीचा, सी० या पत्त्यापासून २८ बाइट. रुय लोपेझ नावाची सुरुवात हवी असेल तर ते २८ बाइट पुन्हा हाताने भरायचे. त्या ठरलेल्या वाटेवर आपणही चाललो तर तो चटचट उत्तरं देतो, वाट सोडली की लगेच स्वतःच्या बुद्धीवर येतो.

खेळतो कसा? मोहरा उघडा सोडलात तर बहुधा उचलतो. दुसऱ्याच डावात मी उंट असा घालवला. मारामारीचा हिशेब काही खेळ्या पुढचा करतो, मोहऱ्यांना फिरायला जागा किती याला फार किंमत देतो. पण लांबचा बेत त्याला जमत नाही आणि शेवटच्या टप्प्यात प्यादी पुढे सारणं त्याला सुचत नाही. नियमित खेळणारा माणूस त्याला हरवतो, नवशिक्याने मात्र सावध राहावं. त्याच्यानंतर आलेल्या डॅन आणि कॅथी स्प्रॅकलन यांच्या सार्गन या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमपुढे तो कमीच पडतो, हे मान्य करायला हवं.

कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, त्याला येत नाही. आँ पासाँ, म्हणजे दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं जाता जाता मारणं, नाही, प्याद्याचा वजीर होणंही नाही. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. माझे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे, त्यात कॅसलिंग नव्हतंच, राजाला एकदा घोड्याची उडी असायची, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. नियम थोडे निराळे असले म्हणून डाव कमी रंगतो असं त्यांच्याकडे बघून कधी वाटलं नाही.

इतिहासाचा पुढचा धागा असा. मॉस टेक्नॉलॉजीच्या चक पेडल यांनी या प्रोग्रॅमचे सगळे हक्क १ हजार डॉलरला मागितले होते. जेनिंग्ज यांनी नकार दिला. तो नकार पुढे फार मोलाचा ठरला. ते पर्सनल सॉफ्टवेअरच्या डॅन फिल्स्ट्रा यांचे भागीदार झाले. मायक्रोचेस पेट, टीआरएस-८० आणि ॲपल टू या कॉम्प्युटरांवर गेला, कॅसेटवर विकला गेला आणि ५० हजार प्रतींचा टप्पा गाठणारा घरगुती कॉम्प्युटरवरचा पहिला खेळ ठरला. त्याच मिळकतीचा पैसा डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांच्या व्हिसिकॅल्कच्या कामी आला. मी ज्या चौकटींत रोज आकडे भरतो त्यांचं भांडवल अशा हाताने भरलेल्या बाइटांतून उभं राहिलं, हे कळल्यापासून मला माझं कामसुद्धा थोडं वेगळं दिसतं.

घ्यावा का? तगडा प्रतिस्पर्धी हवा असेल तर हा तुमच्यासाठी नाही, फोनमधलं कुठलंही फुकट ॲप याला सहज लोळवेल. पण प्रोग्रॅम आतून कसा चालतो ते बोटांनी समजून घ्यायचं असेल तर याच्यासारखी शाळा मला दुसरी माहीत नाही.

गेल्या आठवड्यातला डाव सांगतो. काळी माझ्याकडे होती. माझा वजीर आधीच मेला होता, आणि कडेचं प्यादं चालत चालत ०७ वर पोहोचलं. प्रत्येक मोहऱ्याचं घर मेमरीत एका बाइटमध्ये असतं, मेलेल्याच्या जागी सीसी. त्याचा वजीर मलाच करायचा होता, म्हणून आरएस दाबून बाहेर आलो. ००६१ वर, म्हणजे माझ्या वजिराच्या जागी, सीसी होतं, तिथे ०७ लिहिलं. ००६९ वर, प्याद्याच्या जागी, सीसी लिहिलं. पुन्हा ००००, गो. वजीर जिवंत झाला होता. चार खेळ्यांनी मी पीसी दाबलं, डिस्प्ले अंधारला आणि त्यावर एफएफ एफएफ एफएफ आलं. त्याच्याकडे आता खेळी उरली नव्हती. हे सहा एफ शहमात झाली तरी येतात आणि स्टेलमेट झालं तरी, फरक आपणच पटावर बघायचा. मी बघितला. त्याचा राजा कोपऱ्यात, शह कुठूनच नाही आणि हलायला एकही घर नाही. डाव बरोबरीत सुटला होता.