टॅब्लेटची चार्जिंग ट्रॉली: कप्पे ३०, पण वॅट किती?

वर्गासाठी टॅब्लेट घेताना स्क्रीनच्या इंचांवर भरपूर खल होतो. ट्रॉली मात्र कप्पे, कुलूप आणि चाकं मोजून पास होते. तिसऱ्या तासाला निम्म्या टॅब्लेटची बॅटरी लाल होते, त्याचं मूळ बऱ्याचदा इथंच असतं.

यूएसबी पोर्ट आतच बसवलेली ३० कप्प्यांची ट्रॉली दिसायला सुटसुटीत असते. अ‍ॅडॉप्टरचा पसारा नाही, भिंतीकडे एकच वायर. गोम आहे ती माहितीपत्रकात. ‘प्रत्येक पोर्ट २.४ अँपिअर’ म्हणजे ५ व्होल्टला १२ वॅट. पण १० पोर्टना वीज वाटणाऱ्या हबवर एकूण ६० वॅट छापलेले असतील, तर सगळे कप्पे भरल्यावर एकेकाच्या वाट्याला ६ वॅटच येतात. दहा इंची टॅब्लेटची बॅटरी साधारण ३० वॅट-तासांची, म्हणजे वाया जाणारी वीज धरून सहा-सात तास गेले. रात्रभराला हे पुरतं. मधल्या सुट्टीच्या अर्ध्या तासात मात्र जेमतेम आठ-नऊ टक्के भर पडते. शिवाय हब गेला की दहाही कप्पे एकदम बंद.

म्हणून आमचं मत अ‍ॅडॉप्टरवाल्या ट्रॉलीला. मागच्या खणात ३० अ‍ॅडॉप्टर लावून वायरी ओवायला अख्खी दुपार जाते, हे खरं. पण एक बिघडला तर एकच बदलायचा, आणि उद्या टॅब्लेट बदलले तरी ट्रॉली तीच राहते. २० वॅटचे ३० अ‍ॅडॉप्टर म्हणजे ६०० वॅट. त्यात सगळे एकाच क्षणी सुरू झाले की पहिल्या झटक्यात एमसीबी (जादा प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. अ‍ॅडॉप्टरचे गट काही सेकंदांच्या अंतराने सुरू करणारं मॉडेल घ्यावं. आलटून-पालटून चार्ज करणारा टायमर असेल, तर वेळ दुप्पट धरा.

पत्र्याच्या बंद दारामागे वायफाय पार मंदावतं. रात्रीला लावलेले अपडेट सकाळी अर्धवट लटकलेले दिसतात, आणि दोष बिचाऱ्या राउटरला! जाळीचं दार असेल तर हवाही खेळते.

कप्प्याची रुंदी कव्हरसकट मोजा. जाड रबरी कव्हर घातलं की टॅब्लेट अडकतो. मग मुलं वायर धरून ओढतात आणि पिनेची मान तुटते. कप्प्यात वायर वीतभरच बाहेर ठेवून बाकीची मागे क्लिपने बांधावी. कप्पा, वायर आणि टॅब्लेट, तिन्हींवर एकच क्रमांक हवा. चाकं मोठी बघा, छोटी उंबऱ्याला अडतात.

मोठ्या सुट्टीआधी टॅब्लेट निम्म्या चार्जवर बंद करून ट्रॉलीचा प्लग काढून ठेवावा.