आईसाठी घेतलेला ‘फोर-के’ टीव्ही

आषाढीची महापूजा आईला मोठ्या पडद्यावर दिसावी म्हणून मी बेळगावच्या बाजारातून ४३ इंची टीव्ही घेतला. आम्ही येळ्ळूरचे. दुकानाचं नाव इथे देत नाही, पण झालं ते सगळं लिहितो, कारण गावातली आणखी दोन घरं तिथूनच टीव्ही आणायच्या बेतात होती.

दुकानदार एका गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत होता. माझं बोलणं ऐकलं आणि लगेच मराठीवर आला. “या की काका, आपल्या माणसाला वाईट माल देईन काय ओ?” सीमाभागात या वाक्याला काय वजन असतं ते इथल्यांना सांगायला नको. मी तिथेच सैल पडलो. “फोर-के आहे, क्यूएलईडी आहे. क्यूएलईडी, ओएलईडी एकच ओ, नाव तेवढं वेगळं.” पेनड्राइव्हवरचे मोर आणि धबधबे दाखवले, १९,५०० रुपये रोख घेतले.

दोन दिवसांनी आई म्हणाली, “बातम्यांची अक्षरं फुगल्यागत दिसतात रे.” तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी तिच्या डोळ्यांना दोष दिला, त्याचं अजून वाईट वाटतं.

भिंतीला स्टँड बसवायला शहापूरहून मेकॅनिक आला, कानडी माणूस. आईचं ऐकून म्हणाला, “केबलचं चित्र कुठल्याही मोठ्या टीव्हीवर जरा पसरतंच, अज्जी. पण बघूया.” त्याने टीव्ही पालथा केला आणि मागच्या स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावलं. खाली दुसरा स्टिकर निघाला. वरच्यावर ३८४०×२१६०, म्हणजे फोर-केच्या पडद्याचे आडवे आणि उभे ठिपके; खालच्यावर १९२०×१०८०. म्हणजे फोर-केच्या पैशांत पाव ठिपके. बाकी टीव्ही करतो काय, तर फोर-केचा व्हिडिओ आत घेतो आणि आपल्या पडद्याला बसेल एवढा आखडून दाखवतो. ‘फोर-के सपोर्ट’चा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो.

क्यूएलईडीचंही त्यानेच समजावलं. तो मुळात एलसीडीच. मागे एलईडीचा उजेड आणि मध्ये रंग स्वच्छ करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो. दोन्ही एकच म्हणणारा दुकानदार अडाणी तरी असतो, नाहीतर खोटा.

मी परत गेलो. “बिलात फोर-के कुठं लिवलंय?” त्याने विचारलं. बिल म्हणजे चिठ्ठी: ‘एलईडी टीव्ही ४३’. मॉडेल नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही. आणि या वेळी तो ‘आपला माणूस’ हा शब्दही विसरला होता.

टीव्ही घेताना पेनड्राइव्ह आपला न्या. मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर दुकानात उभे राहूनच बघा, आणि बिलावर तोच नंबर व ३८४०×२१६० लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. टीव्हीच्या मागे बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, खुणेजवळ आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. मी माझा टाकला तर काहीच निघालं नाही. हे दोन मिनिटांचं काम मी दुकानात केलं असतं तर!

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. अर्धवट सुटलेला तो वरचा स्टिकर तसाच ठेवलाय, दोन्ही आकडे एका फोटोत येतील असा. तुमच्याकडेही तसला टीव्ही असेल तर आज रात्रीच त्याची पाठ बघा.