सांशा प्रो-१: मोठेपणी बॅले शिकणाऱ्यांसाठी

तिशी-चाळिशीत बॅले सुरू करणाऱ्यांना सांशा कंपनीच्या मऊ बॅले-बुटांचा हा कॅनव्हासचा जोड बिनधास्त सुचवावा असा आहे. तळ दोन तुकड्यांत असल्याने पाऊल ताणलं की कापड तळपायाच्या कमानीला छान चिकटून राहतं. माप मात्र नेहमीच्या बुटांवरून मागवू नका, कंपनीचा तक्ता बघा. उभं राहिल्यावर बोटं सरळ, सपाट राहायला हवीत. टाचेकडचं कापड चिमटीत आलं तर जोड सैल आहे. गिरकी घेताना पाय आतल्या आत सरकेल. बुटाच्या तोंडाशी असलेली दोरी बेताने ओढा, गाठ मारून टोकं आत खोचा. फार आवळली तर टाचेच्या वरची शीर दुखते. तळपाय अगदीच कमकुवत असतील तर आधी सलग तळाचा चामडी जोड घ्या. तो पायाकडून जास्त काम करून घेतो, त्यामुळे तळपायात ताकद येते.