पेडल स्टील गिटारच्या नावाखाली माझे ५,६४५ डॉलर गेले

आधी आकडे सांगते. २,००० डॉलर, दुसऱ्या दिवशी ६०० डॉलर, मग ४१५ डॉलर, मग २,६०० डॉलर, आणि वायर (बँकेतून थेट दुसऱ्या बँकेत पैसे) पाठवण्याची फी म्हणून बँकेने कापलेले ३० डॉलर. एकूण ५,६४५. तेव्हाच्या भावाने पावणेपाच लाख रुपयांच्या वर. त्या बदल्यात माझ्या दारात काहीही आलेलं नाही आणि आता येणारही नाही.

मी डॅलसजवळ राहते आणि दुसऱ्यांचे हिशेब तपासणं ही माझी नोकरी आहे. त्यामुळे ज्यांना कळलं त्यातल्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच होतं, "तू? तू कशी फसलीस?" मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी तर चारचौघांत विचारलं. या प्रश्नाच्या भीतीनेच लोक तोंड उघडत नाहीत आणि चोरांचं फावतं. मला लाज वाटते आहे, पण त्याहून जास्त संताप येतो आहे, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

"मूर्खपणा केलास" असं म्हणायच्या आधी या वाद्याचा व्यवहार कसा चालतो ते समजून घ्या. माझे मामा कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी बार फिरवायला मी त्यांच्याकडेच शिकले. पेडल स्टील हे त्याच घराण्यातलं पुढचं वाद्य. चार पायांवर उभं असतं, आणि वाजवताना पायाने पेडल दाबून, गुडघ्याने लिव्हर सरकवून एखाददुसऱ्याच तारेचा स्वर चढवता किंवा उतरवता येतो. कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबीने १९४८ च्या सुमारास स्पीडी वेस्ट या वादकासाठी असं वाद्य बनवलं. तेव्हापासून आजतागायत त्यातली बरीचशी वाद्यं एकेका कारागिराच्या छोट्या वर्कशॉपमध्येच बनत आली आहेत. मला हवं होतं ते दोन गळ्यांचं, प्रत्येक गळ्यावर दहा तारा असलेलं, डी-टेन. एका गळ्यावर कंट्री संगीताचं ई-नाइन्थ ट्यूनिंग, दुसऱ्यावर सी-सिक्स्थ. सी-सिक्स्थ हवाईयन गिटारीतूनच आलेलं, त्यामुळे माझा हात तिथे लगेच बसतो. आठ पेडल, पाच लिव्हर.

"जुनं का नाही घेतलंस, स्वस्त पडलं असतं" हेही ऐकून झालं. जुनं घ्यायला मी तयार होते. पण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या शो-बड कंपनीच्या वाद्यांत ओतीव, हलक्या प्रतीच्या धातूचे भाग असतात, ते तुटतात. आतल्या सळ्या, बेलक्रँक आणि चेंजर, म्हणजे तारा ओढणारी सगळी यंत्रणा, दुरुस्त करणारा माणूस गल्लोगल्ली मिळत नाही. मला यंत्र उघडून बसायचं नव्हतं, वाजवायचं होतं. म्हणून नवीन.

आणि नवीन म्हटलं की नंबर लावावा लागतो. मला ज्या कारागिराचं वाद्य हवं होतं त्याच्याकडे वर्षाहून जास्त प्रतीक्षा होती. निम्मे पैसे विसार म्हणून आधी द्यायचे, उरलेले वाद्य तयार झाल्यावर. क्रेडिट कार्ड शक्यतो नाही, चेक किंवा बँकेतून थेट. एक-दोन माणसांच्या वर्कशॉपमध्ये ही साधी रीत आहे, त्यात वावगं काही नाही. चोराने नेमकी हीच रीत उचलली. त्याने माझ्याकडे जे जे मागितलं ते ते खरा कारागीरही मागतो. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

मी वाजवणाऱ्या मंडळींत सगळीकडे विचारून ठेवलं होतं की नवीन डी-टेन हवी आहे, थांबायची तयारी कमी आहे. मग एक ईमेल आली, त्याच कारागिराच्या वर्कशॉपच्या नावाने. एका गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली आहे, वाद्य तयार आहे, काळं लॅकर, आठ पेडल, पाच लिव्हर, किंमत ५,२०० डॉलर. नंबर लावलेल्यांना आधी विचारतो आहोत, शुक्रवारपर्यंत कळवा. वेबसाइट हुबेहूब तीच. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, ते मी नंतर पाहिलं. तुम्ही आधी पाहा. ईमेलमधल्या दुव्यावरून कधीही वेबसाइट उघडू नका. आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कधी नोंदवलं ते कुणालाही फुकट तपासता येतं. हे डोमेन ईमेल यायच्या जेमतेम महिनाभर आधीचं होतं.

मी प्रश्न विचारले. भरपूर विचारले. सी-सिक्स्थच्या सातव्या पेडलला तिसरी आणि चौथी तार पूर्ण स्वराने चढते ना, की तुम्ही काही वेगळं बसवलंय? उत्तर आलं, "सगळे पेडल नवीन आहेत, सुरळीत चालतात." हे उत्तर वाजवणाऱ्याचं नाही, हे मला खटकलं होतं. पण कारागिरांच्या घरची माणसंही ईमेल सांभाळतात, त्यांना सातवं पेडल ठाऊक असेलच असं नाही. पैसे पाठवायचं खातं वर्कशॉपच्या नावाचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. कारण विचारलं तर "हिशेब धाकटा भाऊ बघतो." अशी वर्कशॉप्स घरच्याच माणसांवर चालतात, म्हणून मी मान्य केलं. बँकेच्या ॲपमधून एका दिवशी २,००० च्या वर जात नाहीत, म्हणून २,००० आणि ६०० असे दोन भागांत पाठवले. विसार पोचल्याची पावती आली. पावतीवर पेडल-लिव्हरचा पूर्ण नकाशाही होता, तोही बरोबर. कुठून तरी उचललेला, आणखी काय.

आता ज्या क्षणाबद्दल मला रात्री झोप येत नाही तो सांगते. पाठवणीच्या खर्चाचं बिल आलं, ४१५ डॉलर, विम्यासकट. त्यात एक चौकट होती, वजन: ३२. डी-टेन केससकट साधारण सत्तर पाउंड भरते. मी स्वतः उचललेली आहे, एका ओळखीच्या वादकाच्या गाडीत चढवायला मदत केली तेव्हा कंबर धरली होती. ३२ पाउंडांत डी-टेन बसूच शकत नाही. आणि मी ते बिल पाहून मनाशी काय म्हटलं? ३२ किलो म्हणजे सत्तर पाउंड, बरोबर आहे. चौकटीत ३२ पुढे बारीक अक्षरांत पाउंडच लिहिलेलं होतं. लहानपणापासून वजन किलोतच डोक्यात बसलेलं, डोळ्यांनी पाउंड वाचलं आणि डोक्याने किलो करून टाकलं. दुसऱ्या कुणाला ३२ दिसलं असतं तर तो अडखळला असता. माझ्यापुढे नेमका असा आकडा आला की जो चुकीच्या मापात अचूक बसत होता. त्या बिलाच्या वेळी माझे २,६०० गेलेले होते, पण उरलेले २,६०० माझ्याच खात्यात होते. तेव्हा पाउंड हा शब्द वाचला असता तर ४१५, २,६०० आणि ३०, म्हणजे ३,०४५ डॉलर आजही माझे असते. हा हिशेब मी किती वेळा केला असेल.

बिलातलं प्रत्येक माप एककासकट मोठ्याने वाचा. वाद्य हातात नसेल तर वजनाचा आकडा चोराला बहुतेक अंदाजानेच टाकावा लागतो.

उरलेल्या २,६०० ची वायर शुक्रवारी दुपारी गेली. संध्याकाळी पाठवणीचा क्रमांक आला, तो टाकला तर नुसतं लेबल तयार झालेलं. शनिवारी सकाळी नवीन मागणी आली, ८९० डॉलर "परत मिळणारी विमा अनामत". तेव्हा मात्र उलगडा झाला. मी खऱ्या कारागिराचा फोन नंबर वेगळ्या मार्गाने मिळवून त्याला फोन लावला. त्याच्याकडे रद्द झालेली ऑर्डर वगैरे काही नव्हतं. माझ्याआधीही त्याला असे फोन आले होते. भला माणूस, बराच वेळ बोलला. बोलता बोलता त्याने विचारलं, तुमची उंची किती? वाद्याचे पाय आणि पेडलच्या सळ्या माणसाच्या मापाने कराव्या लागतात, गुडघे वाद्याखाली लिव्हरच्या मध्ये नीट बसायला हवेत. चोराने माझी उंची एकदाही विचारली नव्हती. एमन्स पद्धतीने पेडल लावायचे की डे पद्धतीने, म्हणजे ए पेडल डावीकडून पहिलं की तिसरं, हेही त्याने विचारलं नव्हतं. नवीन वाद्य विकणारा हे दोन्ही प्रश्न स्वतःहून विचारत नसेल तर तिथेच थांबा.

यापुढची गोष्ट चोराची नाही, आणि ती मला जास्त लागली आहे.

शनिवारी सकाळीच मी बँकेला फोन केला. वायर जाऊन एक दिवसही उलटला नव्हता. सांगण्यात आलं, वायर विभाग सोमवारी उघडतो. निदान नोंद तरी करा म्हटलं, तर नोंदसुद्धा सोमवारीच. सोमवारी पहिल्या तासाला फोन लावला तर तिथल्या बाई म्हणाल्या, अशा बाबतीत तुम्ही लगेच, शनिवारीच सांगायला हवं होतं! मी शनिवारी केलेल्या फोनची वेळ सांगितली, तेव्हा मला आणखी एका विभागाकडे जोडलं आणि तिथे फोन तुटला. ॲपमधून गेलेल्या २,६०० बद्दल लेखी उत्तर आलं की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलेला आहे. इथला कायदा तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला संरक्षण देतो. खोटं बोलून तुमच्याच बोटाने बटण दाबून घेतलं तर ती तुमची परवानगी ठरते, मग ती परवानगी कशी मिळवली याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. चाकू दाखवून घेतले असते तर चोरी, थाप मारून घेतले तर परवानगी! ३० डॉलरची वायर फी तरी परत करा म्हटलं, तर सेवा दिलेली आहे म्हणून तीही नाही.

ज्या बँकेत पैसे गेले तिलाही फोन केला. तुम्ही आमच्या ग्राहक नाही, आम्ही माहिती देऊ शकत नाही. त्यांचा ग्राहक चोर आहे, म्हणून त्याची गोपनीयता जपायची, आणि मी नुसती लुटलेली, म्हणून मला दार बंद. खातं उघडताना त्या माणसाची ओळख यांनीच तपासली असेल ना? नाव यांच्याकडे, पत्ता यांच्याकडे, पैसे यांच्या तिजोरीतून गेले, आणि "आरोपी अज्ञात" असं मी फॉर्मवर लिहायचं.

पोलिसांकडे गेले. खिडकीवरचा अधिकारी म्हणाला, विकणाऱ्याने माल पाठवला नाही, हा दिवाणी मामला आहे. मी समजावलं की विकणारा असा कुणी नाहीच, दुसऱ्याच्या नावाने केलेली बतावणी आहे. मग त्याने ऑनलाइन तक्रार करायला सांगितलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला, त्यापुढे काही नाही. चौकशीला फोन केला की संबंधित अधिकारी जागेवर नसतात, निरोप ठेवा. इंटरनेट गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तोच लांबलचक फॉर्म पुन्हा भरला, खाते क्रमांकासकट. यंत्राने पाठवलेली पोच आली. पोचीत लिहिलं होतं की प्रत्येकाशी संपर्क साधता येईलच असं नाही. खाते क्रमांक दिला, बँकेचं नाव दिलं, तारीख, वेळ, रक्कम, सगळं दिलं. आणखी काय द्यायचं असतं? भारतात असाल तर निदान १९३० हा एक नंबर आहे, पैसे गेल्याचं कळताच तिथे फोन करा, पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीने पैसे पुढच्या खात्यातच गोठवता येतात.

मामांचा फोन येतो. "आली का गं गिटार? फोनवर ऐकव एकदा." मी उशीर होतोय एवढंच सांगते. ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना काय सांगू.

ज्यांना खरंच घ्यायची आहे त्यांच्यासाठी. डॅलस भागात दर वर्षी टेक्सस स्टील गिटार असोसिएशनचा मेळा भरतो, तिथे कारागीर वाद्यं मांडून बसतात. जवळपास असाल तर तिथे बसून वाजवून पाहा, गुडघा लिव्हरला कुठे लागतो ते बसल्याशिवाय कळत नाही. दूर असाल तर चालू व्हिडिओ कॉल मागा, आधी भरून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही. कॉलवर ए आणि बी पेडल एकत्र दाबायला सांगा आणि बाकीच्या तारा उतरतात का ते ट्यूनरवर दाखवायला सांगा. चांगल्या वाद्यात हा फरक अगदी थोडा असतो. खरा माणूस हे आनंदाने दाखवतो, कारण त्याला त्याचा अभिमान असतो. वाद्य उलटं करून खालच्या सळ्या दाखवा म्हणा, शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून. नंबरपट्टी वाचून घ्या. विसार द्यायचाच असेल तर क्रेडिट कार्डाने द्या, वर तीन-चार टक्के मागितले तरी द्या. माल मिळाला नाही तर कार्डाच्या बिलावर ६० दिवसांत लेखी तक्रार करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, ॲपला आणि वायरला तो नाही. २,६०० वर चार टक्के म्हणजे १०४ डॉलर. मी ते वाचवले होते.

मला पाठवलेले फोटो अजून फिरत आहेत, आता वेगळ्या नावाने आणि ४,८०० डॉलरला. काळं लॅकर, मागे राखाडी गालिचा, डाव्या पुढच्या पायाशी निळी प्लास्टिकची टोपली. हे वाद्य कुणी दाखवलं तर एक डॉलरही पाठवू नका. पाठवून बसला असाल तर बँकेला आत्ताच फोन लावा, आणि वायर विभाग बंद आहे म्हणाले तरी तक्रारीचा क्रमांक आणि बोलणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.