वॉरंटीतली गाडी सर्व्हिसिंगला कुठे द्यावी: नागपुरातला सोळा महिन्यांचा अनुभव

2024 च्या दसऱ्याला घरी छोटी पेट्रोल गाडी आली. आता अठरा हजार किलोमीटर झालेत. रोजचं मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अमरावतीला आईकडे. वॉरंटी तीन वर्षांची आहे.

गाडी घेतली तेव्हा ऑफिसातले म्हणाले, तीन वर्षं कंपनीबाहेर कोणाला बोनेटसुद्धा उघडू देऊ नको. मेव्हण्याचं उलट, शोरूमवाले लुटतात. शेवटी बाबांची जुनी गाडी वीस वर्षं सांभाळलेल्या गॅरेजवाल्या भाऊंनाच विचारलं. ते म्हणाले, "ऑइलचे पैसे मले मिळाले तर बरंच हाय, पण वॉरंटी हाय तोवर सर्व्हिसिंग तिकडेच करा. उद्या इंजिनाचं काही निघालं तर ते पहिले कागद मागतीन." स्वतःचं गिऱ्हाईक सोडून असं सांगणाऱ्या माणसाचं मी ऐकलं.

पहिली सर्व्हिस हजार किलोमीटरची, नुसती तपासणी. दुसरी पाच हजाराची, फेब्रुवारी 2025 मध्ये, एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. मजुरी फुकट, तरी एस्टिमेट आलं 7,860 रुपयांचं. त्यात इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुणं), थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग. पाच हजार चाललेल्या नव्या इंजिनात फ्लश करण्यासारखं काय असतं? मी ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढून सर्व्हिसचा तक्ता वर्कशॉपच्या सर्व्हिस ॲडव्हायझरसमोर ठेवला आणि म्हटलं, यात आहे तेवढंच करा. त्यांनी वाद न घालता चार ओळी खोडल्या. बिल 2,480 झालं. जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करण्याआधी एकेक ओळ वाचायची, हे तेव्हापासून ठरलं.

पण खरी गडबड दुसऱ्या दिवशी कळली. भाऊंकडे हवा भरायला थांबलो, त्यांनी सवयीने डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढली, फडक्याने पुसली, परत घातली आणि काढून मला दाखवली. ऑइल वरच्या खुणेच्या अर्धं बोट वर होतं. ऑइल जास्त झालं की इंजिनातला फिरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला नीट वंगण देत नाही. सीलवरही ताण येतो. मी लगेच वर्कशॉपला परत गेलो. त्यांनी जास्तीचं ऑइल काढलं, माफीही मागितली. पण मी काचेआड चहा पीत बसलो होतो आणि माझ्या गाडीत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, हे मनातून गेलं नाही.

मे महिन्यात, भर उन्हात, वर्धा रोडवर एसी गरम हवा फेकायला लागला. मागे साडेतीन वर्षांची मुलगी. निदान झालं, कॉम्प्रेसर गेला. या वेळी कामठी रोडकडच्या एका लहान अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांनी चेसिस नंबर टाकला, दोन्ही सर्व्हिसच्या नोंदी स्क्रीनवर आल्या, क्लेम गेला. पार्ट यायला नऊ दिवस लागले, ते दिवस फार वाईट गेले, पण एक रुपया लागला नाही. हाच कॉम्प्रेसर बाहेरून बसवला असता तर खिशाला मोठी चाट बसली असती.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय स्पर्धा आयोगाने (कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2014 मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड लावला होता. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारा, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तत्त्व मला पूर्ण पटतं. पण मेच्या उन्हात काउंटरवर उभं असताना कामी आल्या त्या नोंदी.

ऑगस्टमधली दहा हजाराची सर्व्हिस त्याच लहान वर्कशॉपला दिली. तिथे लिफ्टशेजारी उभं राहू देतात. जुनं ऑइल गळताना पाहिलं, ड्रेन बोल्टला नवा वॉशर लागला तो पाहिला. एअर फिल्टर बदलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मेकॅनिकने तो काढून जमिनीवर आपटला, आणि सिमेंट रोडच्या कामांची राखाडी धूळ मूठभर खाली पडली. धुळीच्या रस्त्यांसाठी मॅन्युअलमध्ये वेगळा तक्ता असतो, त्यात फिल्टर लवकर तपासायला सांगितलंय. मी लगेच हो म्हटलं. ॲडव्हायझर सांगतो ते सगळंच खोटं नसतं, वस्तू काढून दाखवा म्हणायचं.

बाकी पंक्चर, वॉशिंग, वायपर, अलाइनमेंट सगळं भाऊंकडे. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची असते, तिची कार्डं वेगळी जपली आहेत. डॅशकॅम बसवताना मात्र फार जपलं. दुकानदार वायर कापून जोड देणार होता. मी नको म्हटलं आणि बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा घेतला. वायरिंगला कात्री लागली की इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला कारण मिळतं.

वीस हजाराची सर्व्हिस एप्रिलमध्ये येईल. गाडी कामठी रोडलाच देणार. घरापासून चौदा किलोमीटर लांब पडतं, सकाळचा अर्धा दिवस जातो, तरी तिथेच. ब्रेक पॅडची जाडी मोजून जॉब कार्डवर लिहून द्या, असं आत्ताच सांगून ठेवलंय. आणि गाडी ताब्यात घेतली की सपाट जागी पाच मिनिटं थांबून डिपस्टिक मी स्वतः पाहणार.