परसबागेसाठी स्वीट कॉर्नचे पाकीट: बियाणे चांगले, सूचना परक्या मुलखाच्या

अलीकडे तालुक्याच्या कृषी केंद्रांत कपाशी आणि सोयाबीनच्या थैल्यांशेजारी परसबागेच्या बियाण्यांची छोटी रंगीत पाकिटे टांगलेली दिसतात, आणि त्यांत भेंडी, दोडके, पालक यांच्या जोडीला आता स्वीट कॉर्नही आले आहे. अचलपूर तालुक्यातल्या आमच्या गावात, घरामागच्या वाडीत हे बियाणे लावून आणि त्याची कणसे खाऊन झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. पाकिटातल्या दाण्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पाकिटाच्या पाठीवर छापलेल्या मजकुराबद्दल, कारण तो मजकूर शब्दशः पाळणाऱ्याच्या हाती विदर्भात अर्धवट भरलेली कणसेच येतील, आणि तो माणूस दोष मात्र बियाण्याला देईल. कंपनीचे नाव देत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची अशी पाकिटे चाळून पाहिली, तर मागचा मजकूर जवळपास सारखाच आढळतो.

पाकिटात तीस दाणे होते. ते सुरकुतलेले, चपटे आणि वजनाला हलके असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पाहताच बी खराब निघाल्याची शंका येते. ही शंका निराधार आहे. अतिगोड प्रकारच्या मक्यात साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर नीट होत नाही, त्यामुळे वाळल्यावर दाणा आक्रसतो. ज्या गुणामुळे कणीस गोड लागते, त्याच गुणामुळे बी दरिद्री दिसते. दाण्यांना लालसर रंग होता, म्हणजे त्यांवर औषधाची प्रक्रिया केलेली होती. असे दाणे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत आणि उरलेले कोंबड्यांनाही टाकू नयेत. हा इशारा पाकिटावर आहे, पण तो इंग्रजीत आणि भिंगाने वाचावा इतक्या बारीक अक्षरांत आहे, हे मला अक्षम्य वाटते. लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वापराची मुदत हा तपशील मात्र स्वच्छ छापलेला होता. विकत घेताना तो पाहावाच, कारण सुरकुतलेल्या दाण्यात अंकुराला पोसणारा साठा कमी असतो आणि जुने झालेले बी साध्या मक्यापेक्षा लवकर निकामी होते. दुकानदाराने लॉट क्रमांकासह पक्की पावती दिली. छोट्या पाकिटासाठी ती मागायला ग्राहकाने संकोचू नये.

पहिली चुकीची सूचना पेरणीच्या खोलीची आहे. पाकीट दोन इंच सांगते. साध्या मक्याला ही खोली चालते, पण या अशक्त बियाण्याला आमच्या काळ्या भारी मातीत ती झेपत नाही, कारण एक जोराची सर येऊन ऊन पडले की मातीवर पापडी धरते आणि कोंब तिच्याखालीच वाकडा होऊन बसतो. एक ते सव्वा इंच खोल, वरंब्यावर किंवा उंच वाफ्यावर पेरून वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर दिला, तेव्हा चार-पाच दाणे सोडता सगळे उगवले. सपाट जागी पाणी साचले तर हे बी कुजते, आणि कोवळ्या रोपालाही पाण्यात उभे राहणे सोसत नाही. उगवणीच्या दिवसांत साळुंक्या कोंब उपटतात. त्यावर पऱ्हाटी आणि तुराट्या आडव्या अंथरण्याचा आपला जुना उपाय जाळीपेक्षा स्वस्त आहे आणि कामही तसेच करतो.

दुसरी सूचना अधिक हानिकारक आहे. पाकिटावरच्या चित्रात कुंपणाच्या कडेने मक्याची एकच सुबक ओळ दाखवली आहे आणि मजकुरात ‘कुंडीतही लावता येते’ असे आश्वासन आहे. मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते. शेंड्यावरच्या तुऱ्यातून परागकण खाली गळतात आणि कणसाच्या टोकाला लोंबणाऱ्या प्रत्येक केसावर निदान एक कण पडावा लागतो, कारण प्रत्येक केस आत एकाच दाण्याशी जोडलेला असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याच्या जागी खड्डा राहतो. एका ओळीत लावले तर वारा बहुतेक पराग शेजारच्या अंगणात नेऊन टाकतो, आणि कुंडीतल्या दोन झाडांची कणसे तर बोळक्या तोंडासारखी निघतात. म्हणून तेवढेच दाणे चौकोनात लावावेत. पंचवीस झाडे धरली तर दोन फुटांच्या अंतराने पाच ओळी आणि ओळीत झाडामागे सुमारे २५ सेंटिमीटर, एवढ्याला जेमतेम चार चौरस मीटर जागा लागते, आणि ती गावातल्या कोणत्याही वाडीत सापडते. थोडे-थोडे दाणे पंधरा-पंधरा दिवसांनी पेरून कणसे पुरवून खाण्याचा मोह एवढ्या छोट्या पाकिटापुरता टाळावा. त्याने प्रत्येक गटाचा तुरा एकटा पडतो. वारा पडलेला असेल तर सकाळी दव वाळल्यावर तुरे हलके हलवून पराग केसांवर झटकावा. काम दोन मिनिटांचे आहे, आणि दाणे भरण्यात त्याचा फरक स्पष्ट दिसतो.

याच परागाशी जोडलेली, खास आपल्या गावांतली एक अडचण पाकीट लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली नाही. येथे कोणाच्या ना कोणाच्या वाडीत देशी मक्का असतो आणि गुरांच्या चाऱ्यासाठी धुऱ्यालगत आफ्रिकन टॉल या चारा-मक्याची उंच ताटेही उभी असतात. त्यांचा पराग स्वीट कॉर्नच्या केसांवर पडला, तर परिणाम पुढच्या पिढीची वाट पाहत नाही. त्याच कणसातले तेवढे दाणे पिठूळ आणि बेचव होतात. वाडीत अंतर राखणे शक्य नसते, तेव्हा वेळेचे अंतर राखावे. मी मेळघाटातून आलेला देशी मक्का मृगाच्या पावसावर आधी पेरला आणि हे पाकीट साधारण तीन आठवड्यांनी फोडले, त्यामुळे दोघांचे तुरे एकत्र आले नाहीत. शेजाऱ्याने काय आणि कधी पेरले आहे, ही चौकशी मात्र करावी लागते.

‘वर्षभर केव्हाही पेरा’ ही तिसरी सूचना वाचून मला हसू आले. फेब्रुवारीत पेरलेल्या मक्याला आमच्याकडे एप्रिलमध्ये तुरा येतो, आणि त्या वेळी पारा ४० अंशांच्या पुढे असतो. अशा कोरड्या उष्णतेत पराग निर्जीव होतो, केस वाळतात, आणि पाणी कितीही दिले तरी दाणा धरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंड मातीत उगवणच मार खाते. विदर्भात या पाकिटासाठी जून-जुलै उत्तम, त्यानंतर ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध. एवढेच दोन काळ मी सुचवीन. कृषी केंद्रात ही पाकिटे शिवरात्रीच्या सुमारासही दर्शनी भागात लटकलेली असतात, याला दुकानदार जबाबदार नाही, पण ग्राहकाने फसू नये.

खताच्या बाबतीत ‘आवश्यकतेनुसार द्यावे’ एवढेच छापले आहे, आणि मक्यासारख्या खादाड पिकाला ते अपुरे आहे. मक्याला सर्वसाधारणपणे हेक्टरी १२० किलो नत्र सांगितले जाते. त्या हिशेबाने आपल्या चार चौरस मीटरला सुमारे १०० ग्रॅम युरिया होतो. तो पेरणीला, गुडघाभर उंचीला आणि तुरा पोटात असताना असा विभागून द्यावा. उकिरड्यावरचे मुरलेले खत भरपूर घातले असेल तर युरिया निम्म्यावर आणता येतो. खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेच्या कडेने पिवळी पडू लागली, तर नत्र कमी पडत आहे असे समजावे. दुसऱ्या हप्त्याबरोबर बुडाला मातीची भर दिली की आधारमुळ्या पकड घेतात आणि श्रावणातल्या वाऱ्याने झाडे लोळत नाहीत.

अळीविषयी पाकीट गप्प आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली, तेथून ती महाराष्ट्रात पसरली, आणि आता वाडीतल्या चार झाडांनाही ती शोधून काढते. पानांवर ओळीने छिद्रे आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली, की अळी आत आहे हे नक्की. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात. बियाण्यावर कीटकनाशकाची प्रक्रिया असली, तरी तिचे संरक्षण पहिल्या दोन-तीन आठवड्यांपलीकडे धरू नये. पंचवीस झाडांसाठी फवारणीचे जहाल औषध आणणे मला पटत नाही. एक दिवसाआड पोंगे तपासावेत, पानांवरचे अंडीपुंज चिरडावेत, पोंग्यात चिमूटभर बारीक माती किंवा राख टाकावी, आणि सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, फवारावे. वानरांवर मात्र मला अद्याप कोणताही उपाय पटलेला नाही; कणीस भरले की घरात कोणीतरी जागे असावे लागते.

कणसे केस बाहेर आल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी तयार होतात. केस तपकिरी होऊन वाळलेले असावेत आणि दाण्याला नख लावताच दुधासारखा रस निघावा. रस पाण्यासारखा असेल तर दोन दिवस थांबावे, आणि पिठूळ लगदा निघाला तर वेळ टळली. पाकिटाने ‘प्रत्येक झाडाला दोन ते तीन कणसे’ कबूल केली आहेत. प्रत्यक्षात झाडाला एक भरदार कणीस मिळाले आणि दुसरे बहुतांशी खुरटेच राहिले. मी एकाच कणसाचा हिशेब धरून किंमत वसूल झाली असे म्हणतो. चव निर्विवाद आहे. सकाळी तोडलेले कणीस मिठाच्या पाण्यात उकडले, तर बाजारात दोन दिवस पडून राहिलेल्या मालाची त्याच्याशी बरोबरी होत नाही.

असे असले तरी देशी मक्क्याची जागा हे पाकीट घेत नाही. निखाऱ्यावर भाजायला आणि भाद्रपदात मक्क्याचे वडे करायला देशीच हवा. स्वीट कॉर्नचा दाणा वाटला की पाणी सुटते, वड्याला बांधणी राहत नाही, आणि पीठ घालून ते घट्ट करावे, तर मक्क्याची चव हरवते. शिवाय देशी मक्क्याची निवडक कणसे साल मागे दुमडून, जोडीने बांधून आढ्याला टांगली की पुढच्या वर्षीचे बी घरचे होते. पाकिटातले बियाणे संकरित आहे, हे कोपऱ्यात लिहिलेले असते. त्याच्या कणसाचे दाणे राखून पेरल्यास झाडे एकसारखी निघत नाहीत, त्यामुळे दर हंगामाला नवे पाकीट घेणे आलेच. स्वस्त मिळते म्हणून दोन पाकिटे एकदम घेऊन एक दिवाळीनंतरसाठी ठेवू नये. पावसाळ्यातल्या दमट कपाटात या बियाण्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते, तेव्हा रब्बीचे पाकीट ऑक्टोबरातच, मुदतीची तारीख पाहून घ्यावे.